पस्तीस-सत्तरची लेन्स आणि एक पत्रक

मी आजवर लिहिलेल्या बहुतेक पत्रकांचा काहीही परिणाम झालेला नाही. पाणीपट्टीविरुद्ध लिहिलं, पाणीपट्टी वाढली. कॉलेजच्या फीविरुद्ध लिहिलं, फी वाढली. एका पत्रकानं मात्र जे ठरवलं होतं ते चोख केलं. त्यानं एका माणसाचं वर्षाचं मुख्य काम तोडलं. आणि त्या पत्रकात मी जे लिहिलं होतं ते खरं नव्हतं.

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत आमचा लहानसा छापखाना होता. पायानं चालवायचं एक ट्रेडल मशीन आणि शिशाच्या अक्षरांचे खिळे ठेवायच्या लाकडी केसेस, एवढंच. पोटासाठी आप्पा, म्हणजे माझे वडील, लग्नपत्रिका, बिलबुकं आणि तालमींच्या फुटबॉल सामन्यांची हँडबिलं छापायचे. मनासाठी पत्रकं छापायचे. नव्वदच्या दशकातलं माझं बालपण त्या पत्रकांच्या घड्या घालण्यात गेलं. शाळा सुटली की आप्पांच्या सायकलवर बसून कसबा बावड्याला जायचं, साखर कारखान्याची पाळी सुटताना फाटकापाशी उभं राहायचं आणि येईल त्याच्या हातात एक द्यायचं. बरोबरीच्या मुली परीकथा वाचत होत्या तेव्हा मी ‘कामगार बंधू-भगिनींनो’ वाचत होते. त्यानं माझी भाषा तयार झाली, जीभ धारदार झाली, आणि एक खोडही लागली. पत्रकात ‘कदाचित’ हा शब्द येत नाही. हळूहळू तो माझ्या डोक्यातही येईनासा झाला.

दोन हजार सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. कॉलेज संपवून मी शिकवण्या घेत होते आणि दर पंधरवड्याला एक भित्तिपत्रक काढून चौकातल्या फलकावर लावत होते. त्यात राबणाऱ्या माणसांचे फोटो हवेत असं मी ठरवलं. आप्पांच्या एका मित्रानं त्याचा जुना रोलचा कॅमेरा दिला. कॅमेरा धडधाकट होता, पण त्याच्या लेन्सच्या आत बुरशीनं जाळं धरलं होतं. मला एकच लेन्स हवी होती. रोज गळ्यात अडकवून फिरता येईल, पेठेतल्या बोळातही चालेल आणि बावड्याच्या शेतातही, आणि शिकवण्यांच्या पैशात बसेल अशी. ज्याला विचारलं त्यानं एकाच माणसाकडं पाठवलं.

महाद्वार रोडच्या मागं एका बोळात, अरुंद जिना चढून गेलं की त्यांची खोली होती. साठीच्या घरातले मुसलमान गृहस्थ. त्यांचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे, हे कॅमेरे दुरुस्त करायचे आणि जुन्या लेन्स विकायचे. गावातले लग्नाचे फोटोग्राफर त्यांना चाचा म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागले.

मी ग्रंथालयातली इंग्रजी मासिकं वाचून गेले होते. सत्तर-दोनशेदहाची लांब लेन्स घ्यायची हे माझं ठरलेलं होतं.

“काय काढणार तिनं?” त्यांनी विचारलं.

“माणसं. काम करणारी.”

“त्यास्नी इचारून का न इचारता?”

“विचारलं की माणसं पोज देतात.”

“मग लांबनं, झाडामागं हुबं ऱ्हाऊन,” ते म्हणाले. “पाखरं काढायची असली तर ही लेन्स लई झ्याक हाय बघा.”

मला राग आला. माणसांच्या जवळ जा, त्यांच्यात मिसळा, असं मीच चार पत्रकांत लिहिलं होतं.

त्यांनी मला लेन्स दिली नाही. एक पुठ्ठा दिला. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यात मधोमध आडवी खिडकी कापलेली, आणि त्याला बांधलेला पांढरा दोरा. दोऱ्याला तीन गाठी. पहिली गाठ गालाच्या हाडावर धरून दोरा ताणला आणि खिडकीतून पाहिलं की पस्तीसच्या लेन्समधून दिसेल तेवढं दिसायचं, दुसरीवर पन्नास, तिसरीवर सत्तर; आकडा वाढेल तसं कमी दिसायचं. नव्या गिऱ्हाइकाला ते आधी हाच पुठ्ठा द्यायचे. “आठ दिवस हे घेऊन हिंडा. मग बोलू.”

मी हिंडले. पेठेत डोळ्याला पुठ्ठा लावून चालणं म्हणजे काय ते तिथल्या माणसालाच कळेल. तालमीच्या कट्ट्यावरचे एक म्हातारे म्हणाले, “आप्पाची लेक न्हवं तू? डोळं गेलं व्हय गं, पुठ्ठा लावून फिरतीस?” शेजारचा म्हणाला, “न्हाय हो. पेठेतलं खड्डं मोजतीया. पत्रक निघतंय बघा आता.” गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला उभी राहिलेली माणसं माझ्याकडं बघून पेल्यात हसली. मी मान वर करून चालत राहिले. हा दुकानदाराचा गिऱ्हाइकाला थकवायचा डाव आहे, असं मनात म्हणत होते.

आठव्या दिवशी चाचांनी पुठ्ठ्यातून पाहिलंच नाही. दोरा खिडकीपाशी उजेडात धरला. “पहिली गाठ मळली. तिसरी मळली. मधली कोरी हाय. बोळात तुमची पाठ भिंतीला टेकत असणार, तवा पहिली. माणसाचं तोंड आवडलं की तिसरी. त्याच्याफुडचं तुम्हाला काय लागत न्हाय.” मग त्यांनी काळ्या धातूची, बुटकी, पस्तीसपासून सत्तरपर्यंत फिरणारी लेन्स समोर ठेवली. “पन्नासची हिच्यापरास स्वस्त हाय. उजेड बी लई घेती. पण तुमी तिला हातच लावला न्हाय की आठ दिवस.”

आज लिहिताना हे किती शहाणपणाचं होतं ते दिसतं. तेव्हा मला एवढंच दिसलं की स्वस्त वस्तू बाजूला सारून महाग वस्तू पुढं केली. व्यापारी सांगतो ते त्याच्या फायद्याचं, हे मी अक्षरओळख झाल्यापासून वाचत आले होते. तरी लेन्स घेतली, कारण हातात बसली होती.

“आठ दिवसांत एक रोल धुवून आणा,” ते म्हणाले. “न्हाय पटली तर लेन्स टेबलावर ठेवा, पैसे उचला. नवव्या दिवशी मात्र मी वळखत न्हाय,” आणि हसले.

आठ दिवसांत मी गेले नाही. छत्तीस फोटोंचा रोल मी पुरवून पुरवून वापरत होते. चौदा फोटो पेठेत आणि बाजारात काढले. मग बावड्याच्या एका गुऱ्हाळावर गेले. उसाच्या रसाची काहील उकळत होती. वाफेत उभी राहून मी फोटो काढायला कॅमेरा वर केला तर समोर धुकं. लेन्सच्या काचेवर गुळाच्या वाफेचा चिकट थर बसला होता. फोटो न काढताच घरी आले.

आमच्या छापखान्यात पुसायची एकच पद्धत. खिळे, रूळ, शाईची तबकडी, आप्पांचा चष्मासुद्धा कधीकधी, सगळं रॉकेलच्या बोळ्यानं. मी चिंधी रॉकेलमध्ये चांगली बुडवली आणि लेन्स पुसली. कडेच्या खाचेतही गूळ होता, तिथंही बोळा फिरवला. काच लख्ख झाली. नंतर दोन-तीन आठवडे उरलेले बावीस फोटो काढले, बहुतेक उन्हात. गुऱ्हाळावर पुन्हा गेले. तिथं काहिलीखालच्या चुलवणात उसाची चिपाडं सारणाऱ्या एका बाईला मी विचारून, जवळ जाऊन फोटो काढला होता. तो माझा पहिला तसा फोटो.

रोल धुवून आला तेव्हा त्या बाईच्या जागी पांढरा डाग होता. मागचा चिपाडांचा ढीग थोडा दिसत होता, तोंड नव्हतंच. बावीसच्या बावीस फोटो असेच, जास्त उजेडानं जळलेले.

पहिले चौदा चांगले होते. हे मी पाहिलं. इथं स्पष्ट लिहिते, कारण इतकी वर्षं मी स्वतःलाही सांगत आले की घाईत लक्षात आलं नाही. लक्षात आलं होतं. चौदा चांगले फोटो मी पाकिटात वेगळे ठेवले आणि बावीस टेबलावर मांडून पत्रक लिहायला बसले.

‘जुन्या मालाचा चकचकीत बाजार’ असा मथळा दिला. गरिबाच्या हौसेवर डल्ला मारणारे सौदागर, पुठ्ठ्याचे खेळ दाखवून सडका माल गळ्यात मारणारे, असं बरंच. शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं: ‘जिना चढताना विचार करा, उतरताना हात रिकामे असतील.’ नाव कुठंच लिहिलं नाही. नाव न लिहिणं मला सभ्यपणाचं वाटलं.

आप्पांनी मजकूर वाचला. केसकडं वळण्याआधी विचारलं, “खात्री केलीस?”

“केली.”

 त्यांनी उभं राहून खिळे जुळवले, दोनशे प्रती काढल्या. मी त्या फोटो स्टुडिओंतून आणि कॉलेजात वाटल्या.

कॉलेजात आमचे एक सर होते. फोटोग्राफीचं मंडळ तेच चालवायचे. मी अकरावीत असताना माझा पहिला निबंध वाचून ‘ही मुलगी लिहिणार’ असं वर्गात म्हणालेले पहिले आणि बराच काळ एकमेव माणूस. त्यांनी पत्रक वाचलं, माझ्या पाठीवर थाप मारली. “असं सडेतोड लिहायला पाहिजे. आमची पण सगळी लेन्सची पेटी साफसफाईला त्याच्याकडेच जाते दरवर्षी. बरं झालं सावध केलंस.” मी तरंगत घरी आले. पेटीचं वाक्य कानावर पडलं होतं, पण आत गेलं नव्हतं.

चार दिवसांनी लेन्स परत करायला जिना चढले. भांडायच्या तयारीनं.

“बसा,” चाचा म्हणाले. “वाचलं तुमचं. छपाई सुबक हाय. वडिलांचं काम कधी कच्चं नसतंय.”

“तुमचं नाव नाही त्यात.”

“न्हाय की. नुसता जिना हाय. कोल्हापुरात क्यामेऱ्याचा जिना एकच हाय.”

त्यांनी लेन्स हातात घेतली आणि नाकाशी नेली. मग माझ्याकडं पाहिलं.

“रॉकेल?”

“पुसली होती. गूळ बसला होता काचेवर.”

“लावलं किती?”

“आमच्याकडे सगळं त्यानंच पुसतात,” मी म्हणाले. आवाज चढाच होता.

त्यांनी मागचा छोटा खटका दाबून दाखवला. आत उजेड कमी-जास्त करणाऱ्या पात्या असतात. त्या झटकन मिटायला पाहिजेत. आमच्या डोळ्यांसमोर त्या सावकाश सरकल्या आणि अर्ध्यात थांबल्या, तेलानं चमकत. रॉकेल कडेनं आत उतरलं होतं, आतलं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर आलं होतं. फोटो निघेपर्यंत पात्या मिटतच नव्हत्या, म्हणून उन्हातलं सगळं पांढरं. त्यांनी हे मला एखाद्या शिकाऊ माणसाला सांगावं तसं सांगितलं. मग निगेटिव्हच्या पट्ट्या मागितल्या आणि दिव्यासमोर धरल्या.

“हितनं हितपर्यंत चौदा. हे झ्याक हायत. हे बघितलं हुतंसा?”

“नीट पाहिलं नव्हतं,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि पट्ट्या खाली ठेवल्या. खोटं बोललेलं समोरच्याला कळलंय हे कळूनही खुर्चीवर बसून राहायचं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा केलं. त्यांनी लेन्स खोलली, पात्या एकेक करून स्पिरिटनं धुतल्या. तासभर लागला. पैसे घेतले नाहीत. मी देऊ केले तेव्हा म्हणाले, “लेन्सचं काय न्हाय हो. लग्नवाले येतील, त्यास्नी दुसरीकडं जायला जागा कुठाय? पण कॉलेजची पेटी गेली. पावसाच्या आधी तीस-चाळीस नग येतात, दोन महिन्याचं काम. सरांचा फोन आलता. ह्या साली पुण्याला धाडतो म्हणाले.”

घरी येऊन मी आप्पांना सगळं सांगितलं. चौदा फोटोंचंही. त्यांनी मला बोल लावला नाही. खिळे जुळवायची पट्टी हातात घेतली आणि म्हणाले, “सांग मजकूर.” मी उभ्या उभ्या माफीचं पत्रक सांगितलं, चाचांच्या नावानिशी. नाव ठळक टाइपात. मला पुन्हा बरं वाटायला लागलं होतं. चुकीची कबुलीसुद्धा मी छान लिहिली होती. एक कच्ची प्रत घेऊन चाचांकडं गेले.

त्यांनी दोनदा वाचलं आणि घडी घालून मला परत दिलं. “हे वाटू नका.”

“का?”

“पहिल्यात माझं नाव न्हवतं. निम्म्या गावाला ठाऊक न्हाय कुणाबद्दल हुतं. आता माफीत नाव घातलंसा की सगळ्यास्नी कळतंय. उद्या लोकांना माफी आठवणार न्हाय, एवढंच आठवंल की ह्याचं कायतरी निघालं हुतं.” मग म्हणाले, “छापू नका. तोंडानं सांगा. ज्यास्नी पत्रक दिलंसा त्यास्नी जाऊन.”

माझ्यासारखीला यापेक्षा अवघड काम सांगता आलं नसतं. छापून सांगायला धैर्य लागतं असं मी समजत होते. छापलेलं देऊन आपण पुढं चालायला लागतो. तोंडानं सांगताना समोरचा उलट बोलतो.

स्टुडिओवाले बोललेच. एकानं खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाला, “ताई, आमच्यात भांडण झालं तर आम्ही एकमेकाची आई काढतो आन् चहा पिऊन मिटवतो. तुमी डायरेक्ट छापताय.” दुसरा म्हणाला, “रॉकेल? अवो, लेन्स हाय का स्टोव्ह?” आणि मागच्या खोलीतल्या माणसाला हाक मारून तेच पुन्हा सांगायला लावलं. मी सांगितलं. कान तापले होते, पण प्रत्येक दुकानातून बाहेर पडताना अंग थोडं हलकं व्हायचं. पाच ठिकाणी गेले. सर राहिले होते.

सरांकडं जायला मी तीन दिवस लावले. गेले तेव्हा ते मंडळाच्या खोलीत होते. माझं पत्रक तिथल्या फलकावर टाचणीनं लावलेलं. खाली कुणीतरी लाल पेनानं ‘वाचा’ असं लिहिलेलं.

“सर, त्या लेन्सबद्दल बोलायचं होतं. ती आता चांगली चालते. चाचांनी पैसे न घेता दुरुस्त करून दिली.”

“बघितलंस? पत्रकाचा दणका. एरवी करून दिली असती का फुकट?”

इथं मला पुढचं वाक्य बोलायचं होतं. ते तयार होतं, पाच दुकानांत बोलून गुळगुळीत झालेलं. ‘चूक माझी होती, मी रॉकेलनं पुसली होती.’ सर कौतुकानं बघत होते. ते पुढं म्हणाले, “पुढच्या आठवड्यात आमच्या मुलांसमोर बोल जरा. निर्भीड लेखन असा विषय ठेवू.”

मी म्हणाले, “बरं, सर.”

आणि बोलायला गेलेही. त्या व्याख्यानात काय बोलले ते मला आठवत नाही असं लिहायचा मोह होतो. आठवतं. खरं बोलायला किंमत मोजावी लागते, असं बोलले. खोलीच्या कोपऱ्यात ती पेटी कुलूप लावून, पुण्याचा पत्ता चिकटवून ठेवली होती.

सरांना खरं सांगायला मला दिवाळी उजाडली. ते ऐकून घेऊन एवढंच म्हणाले, “मग तेव्हाच सांगायचं नाही का.” पेटी तोवर पुण्याला जाऊन आली होती आणि तिथल्या माणसाशी पुढच्या वर्षीचंही ठरलं होतं. दोन वर्षांत मंडळानं डिजिटल कॅमेरे घेतले, मग पेटीच राहिली नाही. सरांना वेळेत सांगितलं नव्हतं, हे मी चाचांना कधी सांगितलं नाही. ते अजून त्याच खोलीत बसतात. मी दिसले की लेन्सची चौकशी करतात. ती उत्तम चालते. गुऱ्हाळावरच्या बाईचा फोटो मात्र परत काढायला मिळाला नाही. पुढच्या हंगामात ती तिथं नव्हती.

व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवशी मी चाचांकडं गेले होते. पावसाळा महिन्यावर आला होता.

“सरांकडं जाऊन आलासा?” त्यांनी विचारलं.

“जाऊन आले,” मी म्हणाले. ते खरं होतं.

“इचारलं त्यांनी काय?”

“ऐकून घेतलं. चांगलं बोलले.”

“मंग झालं,” ते म्हणाले. उठून त्यांनी भिंतीवरच्या लांब फळीकडं पाहिलं. तिच्यावर जुने फ्लॅश, रिकामे डबे आणि मोडके स्टँड रचलेले होते. “पेटी आली की ठेवायला जागा लागती. माझा हात आता वर पुरत न्हाय. जरा हे काढू लागता का?”

मी स्टुलावर चढले आणि एकेक वस्तू खाली त्यांच्या हातात द्यायला लागले.